पानसू पाव भाजायला लागला

लग्नाला चाळीसएक वर्षं होत आली, तरी पानसूने स्वयंपाकघरात कधी काम म्हणून पाऊल टाकलं नव्हतं. टाकलंच तर फ्रीजमधली तांदळाच्या दारूची बाटली काढायला. हा माणूस एका दुपारी मोपेडच्या मागे दोरीने ओव्हन बांधून घरी आला, तो उचलून ओट्यावर ठेवला, बाह्या वर सारल्या आणि बायकोला म्हणाला, "तू जरा बाहेर बस. मी पाव करणार आहे."

सुनिम बाहेर गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली. पानसूने लसणाचे मोठे गड्डे निवडले, त्यांची टोकं सुरीने उडवली, वरून तेल सोडलं, मीठ भुरभुरलं आणि फॉइलमध्ये गुंडाळून ते ओव्हनमध्ये सरकवले. मग मैद्याच्या गोळ्याशी त्याची झटापट सुरू झाली. मैदा त्याच्या भुवयांपर्यंत पोचला. हे सगळं शेतकी केंद्रात शिकवतात, असं त्याने सांगितलं. घरच्या लसणाचे नवे पदार्थ, म्हाताऱ्यांना फुकट. आपल्या उइसॉंग तालुक्यातल्या लोकांना लसूण पिकवता येतो, पण किमचीत घालण्यापलीकडे त्याचं काही करता येत नाही, असं तिथल्या प्यो बाई म्हणतात म्हणे.

प्यो बाई. सुनिमने ते नाव मनातल्या मनात एकदा घोळवलं.

लसूण भाजून झाल्यावर पानसूने गड्डा मुठीत दाबला, तशा कुड्या मऊ होऊन सालीतून पुळपुळ बाहेर आल्या. त्या त्याने लोण्यात कुस्करल्या, चमचाभर मध आणि कांद्याची हिरवी पात घातली, पावाला चिरा पाडून ते सारण आत भरलं आणि पाव पुन्हा ओव्हनमध्ये ठेवला. सगळं झाल्यावर एक तुकडा तोडून बायकोच्या हातात दिला. स्वतः मात्र खाल्ला नाही. तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"कसा झालाय?"

"बरा आहे."

"आणि वास?"

"वासाचं काय?"

"कसा येतोय?"

"पावासारखा," सुनिम म्हणाली. खरं तर तिला तो मीठ लावलेल्या कापसासारखा लागला होता. पण पहिल्यांदाच काहीतरी केलंय, कशाला हिरमोड करा. पानसू आणखी क्षणभर थांबला, जणू तिने पुढे काही बोलावं अशी वाट बघत होता, आणि मग तोंड फिरवून भांडी धुवायला लागला. भांडी धुवायला. तेव्हाच सुनिमच्या मनात पाल चुकचुकली.

त्या वर्षी सुनिमच्या मनात पाल चुकचुकायला फार काही लागत नसे. हिवाळ्याच्या शेवटी तिला तापाने चांगलंच झोपवलं होतं. ती उठली तेव्हा जग जरा फसवं झाल्यासारखं तिला वाटायला लागलं होतं. अंगणातल्या मोठ्या रांजणातली सोयाबीनची पेस्ट, तिने स्वतःच्या हाताने आंबवलेली, तिच्यात काही दमच राहिला नव्हता. आमटीत दुप्पट घातली तरी गरम पाणी प्यायल्यासारखं वाटे. किमची फिकी. साबण नुसता फेसाचा. तेगू शहरातून मुलीने, मिरानने, पाठवलेलं अत्तर तिने मनगटाला लावून पाहिलं आणि बिचारीला कुणीतरी रंगीत पाणी विकलं म्हणून हळहळली. मासेवाल्याने तर हद्द केली. त्याच्याकडचा बांगडा तिने भाजला, पानसूने पहिल्याच घासाला ताट सरकवून दिलं आणि हिलाही खाऊ नको म्हणाला. ती हट्टाने खात राहिली आणि मग पोट धरून पडून राहिली. त्या दिवसापासून मासेवाल्याची गाडी आली की ती दार लावून घेई.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते नामजूशी. नामजूचा तालुक्याच्या बाजारात तेलाचा घाणा. दोघी एकाच वर्षी बामगोल गावात सुना म्हणून आल्या होत्या. पुढे नामजूचा नवरा गेला आणि ती घाणा चालवायला बाजारात राहायला गेली, तरी तिळाचं तेल तिच्याकडूनच काढून घ्यायचं हा सुनिमचा नेम कधी चुकला नव्हता. उन्हाळ्यात तिने तेल घरी आणलं, बाटली उघडली, आणि तिळाच्या तेलाचा म्हणून जो वास घरभर पसरावा तो पसरलाच नाही. ती तशीच बस पकडून परत गेली. घाण्यावर बायकांची रांग होती. त्यांच्यासमोर तिने बाटली आपटली आणि विचारलं की माझे तीळ कुठे गेले, हे कशाचं पाणी भरून दिलंस. नामजूने बाटलीचं बूच काढलं, नाकाशी धरलं, पुन्हा लावलं. सुनिमकडे विचित्र नजरेने बघितलं आणि एवढंच म्हणाली की तुझ्या डोळ्यांदेखत घाण्यात घातले होते तीळ. सुनिम म्हणाली की चोराला डोळ्यांदेखतच चोरी जमते. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद.

हे सगळं सुनिमला जास्तच लागायचं कारण, वासाच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकेल हेच तिला पटण्यासारखं नव्हतं. नवी नवरी होती तेव्हापासून तिचं नाक गावात गाजलेलं. कोठारात लसूण वाळायला टांगला की ती मधून फक्त चालत जाई आणि कोणत्या जुडीत एखादी कुडी सडायला लागलीय ते सांगे. शेजारपाजारचे लोक तिला बोलावून न्यायचे.

तर पावाचं काही एका दिवसावर भागलं नाही. पानसू दर आठवड्याला पाव करायला लागला, आणि दर वेळी तोच प्रकार. तिला तुकडा द्यायचा, तोंडाकडे बघायचं, वास विचारायचा. दर वेळी पाव दोन व्हायचे. एक घरात राही, दुसरा फडक्यात गुंडाळून मोपेडवरून जाई. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, विरंगुळा केंद्रात. म्हातारी माणसं खुश होतात.

इतरही गोष्टी होत्या. शरद ऋतूच्या सुरुवातीला एका थंडगार सकाळी तो शेतातून आला, दारात थबकला आणि धावत जाऊन घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत सुटला. मग गॅसच्या शेगडीजवळ काहीतरी खटपट केली. मिरच्या निवडत बसलेली ती शाल पांघरून कुडकुडायला लागली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, हवा कोंडलीय. पुढच्याच दिवशी त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरी डबी ठोकली. लाल दिवा लुकलुकणारी. सरकारने वाटलीय, गॅस सुटला की ओरडते, असं म्हणाला. सुनिमने शेजारच्या तीन घरांत डोकावून पाहिलं, कुणाकडेच तसली डबी नव्हती. ही डबी आपल्यावर नजर ठेवायला लावलीय याबद्दल तिची खात्री झाली. तिने तिच्यावर भांडी पुसायचं फडकं टांगलं. पानसू रोज ते काढायचा, ती रोज टांगायची. दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

आणि मग फोन. पानसू फोनवर बोलणारा माणूस नव्हे, पण हल्ली मिरानचा फोन आला की उठून गोठ्यामागे जायचा. एकदा सुनिम सुकत घातलेल्या मिरच्या उलटायच्या निमित्ताने भिंतीच्या अलीकडे बसली आणि कान टवकारले. तो हळू आवाजात म्हणत होता, "नाही गं, तिला अजून काही कळलेलं नाही. मी कसं सांगू? सांगावं लागणार, ते मलाही कळतंय."

सुनिमच्या हातातली मिरची तशीच राहिली. म्हणजे मुलगीही सामील. बाप काहीतरी करतोय आणि मुलगी त्याला सांभाळून घेतेय. नवऱ्याच्या वयाच्या माणसाला असं काय सांगायचं असतं बायकोला? एक तर जमीन विकलेली असते, नाही तर बाई असते. जमीन दोघांच्या नावावर होती.

दुसऱ्या दिवशी ती विरंगुळा केंद्रात गेली. तिथे पत्ते खेळत बसलेल्या बायकांना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं की पाव कसा वाटला. कसला पाव, असं त्या म्हणाल्या. मग त्यांना कळलं की पानसू घरी पाव भाजतो, आणि त्या इतक्या हसल्या की पत्ते विस्कटले. एकीने सुचवलं की सुनिमने आता पुरुषांसारखं झाडावर चढून पर्सिमनची फळं तोडावीत. दुसरी म्हणाली, "भाजतो, पण आपल्याला आणून देत नाही. मग देतो कुणाला गं?"

सुनिमही हसली. घरी येईपर्यंत तिचा जबडा दुखायला लागला होता.

प्यो बाईंचा विचार तिने आधी केला होता. पण शेतकी केंद्रात जाऊन पाहिलं तर प्यो बाई मुलीच्या वयाच्या निघाल्या, पोटुशा, आणि वर सुनिमचे दोन्ही हात हातात घेऊन, आता कसं वाटतंय आजी, असं विचारायला लागल्या. आवाजात एवढी दया की सुनिमला आपले हात सोडवून घ्यावे लागले. म्हणजे हिलाही माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं.

पुढच्या खेपेला पानसूने पाव गुंडाळला आणि मोपेड तालुक्याच्या रस्त्याला लावली, तेव्हा सुनिम मागच्या दाराने निघून बसथांब्यावर पोचली. तालुक्याला उतरून ती बाजारातल्या गल्ल्यांमधून फिरली. न्हाव्याचं दुकान, कॉफीचं दुकान, बी-बियाण्यांचं दुकान. मोपेड सापडली ती नामजूच्या घाण्यासमोर.

रस्त्यापलीकडे मिरच्यांची पोती रचलेली होती. त्यांच्या आडून तिने काचेतून आत पाहिलं. पानसू बुटक्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता. त्याच्यासमोर नामजू दोन्ही हातांनी पाव तोडून खात होती, आणि खाता खाता बाहीने डोळे पुसत होती. पानसूने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तो रुमाल सुनिमनेच इस्त्री केलेला होता.

ती आत गेली नाही. तिचे पाय जागचे हललेच नाहीत आणि हलले ते बसथांब्याकडे. विधवा नामजू, तेलात भेसळ करणारी नामजू. भांडण झालं ते उन्हाळ्यात, आणि पाव सुरू झाले शरदात. सगळं कसं बरोबर जुळत होतं. बसमध्ये शेजारच्या बाईने तिला बरं नाही का म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली की डोळ्यात कचरा गेलाय.

घरी ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्याने काहीतरी गोड कारण सांगितलं असतं आणि तिला तर त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. ती गप्प राहून डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवत राहिली. पानसूही तिच्यावर नजर ठेवून होता हे तिच्या लक्षात येई. जेवताना दोघांच्या नजरा एकमेकांना चुकवत वाटीवरून वाटीवर फिरत.

लावणीचे दिवस आले. बियाण्याचे गड्डे फोडून कुड्या सुट्या करायचं काम सुरू झालं. त्या दिवशी पानसूने लसूण भाजायला ठेवला आणि म्हणाला की पंपाचं काहीतरी बिघडलंय, बघून येतो. ओव्हनकडे लक्ष ठेव. सुनिम म्हणाली, ठेवते. ती जमिनीवर सूप घेऊन बसली, ओव्हनकडे पाठ करून, आणि गड्डे फोडायला लागली. एकेका गड्ड्यावर तिचा राग निघत होता. ती नामजूशी मनातल्या मनात बोलत होती. तिने आजवर नामजूला काय काय दिलं, तिच्या नवऱ्याच्या दिवसांना कशी राबली, सगळं आठवून आठवून बोलत होती. बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. संतापाने येतंय असं तिला वाटलं. तिने मनगटाने पुसलं. पुन्हा आलं. घशात खवखव झाली तेव्हा ती खोकली, आणि मागे वळली.

छताखाली निळसर धुराचा थर जमला होता. ओव्हनच्या काचेमागे सगळं काळं झालं होतं. आणि दारात पानसू उभा होता, हात लोंबते ठेवून. आत्ता आलेला माणूस धापा टाकतो, तसा तो दिसत नव्हता.

तो आत आला, बटण बंद केलं, खिडकी उघडली, ट्रे फडक्याने धरून अंगणात नेऊन ठेवला. परत आला तेव्हा सुनिम तिथेच बसली होती.

"कधीपासून उभे होतात?" तिने विचारलं.

"बराच वेळ."

"मग बंद का नाही केलंत?"

"तू करशील म्हणून वाट बघत होतो."

"माझी पाठ होती तिकडे."

"सुनिम, रस्त्यावरच्या माणसाला वास येत होता."

तिने सुपातली एक कुडी उचलली, पुन्हा ठेवली. म्हणाली की सर्दी आहे. पानसूने विचारलं, हिवाळ्यापासून? त्यावर तिने मनात साठलेलं सगळं त्याच्या तोंडावर फेकलं. नामजूकडे जाता ते मला ठाऊक आहे, ती म्हणाली. बसून रुमाल देता तेही मी पाहिलंय. माझ्या घरचा लसूण, माझ्या घरचं तेल, आणि पाव तिला. इतक्या वर्षांनंतर हे दिवस दाखवलेत मला.

पानसूने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ बघत होतं आणि येत नव्हतं.

"मला पहिल्यांदा नामजूनेच सांगितलं," तो म्हणाला. "तू बाटली आपटून गेलीस, त्याच संध्याकाळी तिने फोन केला. म्हणाली, तेल चोख आहे, बूच काढलं तर सगळी रांग वळून बघत होती. सुनिमला वास येत नसेल तर तेलाकडे बघू नका, तिच्याकडे बघा."

मग त्याने एकेक करून सांगितलं. बांगडा सडका होता. त्या थंड सकाळी गॅस चालू राहिला होता आणि घर वासाने भरलं होतं, आणि ती मधोमध बसून मिरच्या निवडत होती. डबी त्याने बाजारातून विकत आणली होती. पाव शिकला, कारण घर भरून टाकणारा असा दुसरा वास त्याला माहीतच नव्हता. भाजलेल्या लसणाचा येत नसेल तर मग कशाचाच येत नाही, असा त्याने हिशोब केला होता. दर वेळी वाटायचं की आज तरी ती म्हणेल, काय सुंदर वास सुटलाय. शेतकी केंद्रात त्याने बायको आजारातून उठलीय एवढंच सांगितलं होतं. दुसरा पाव नामजूला, कारण दुसऱ्या कुणाशी याबद्दल बोलता येत नव्हतं.

"मिरानला सांगितलंत."

"हो. ती घाबरलीय."

"सर्दीला कसली घाबरते?"

मिरान कशाला घाबरलीय हे सुनिमला हळूहळू कळलं. सुनिमची आई. आईने आधी भाताची भांडी करपवली होती आणि तिला करपल्याचं कळलं नव्हतं. तेव्हा सगळे हसले होते. शेवटी शेवटी आईने सुनिमच्या हातून घास खाताना तिला विचारलं होतं की बाई, तू कुणाच्या घरची सून?

"तुम्ही दोघं मिळून माझी परीक्षा घेत होतात," सुनिम म्हणाली. आवाज चढला नाही. "चोरून. माझ्याच घरात."

"हो."

"मला विचारलं असतंत."

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तेलात भेसळ आहे."

ती उठली आणि कोठारात गेली. लसणाच्या जुड्या छतापासून खाली ओळीने टांगलेल्या होत्या. ती मधून चालत गेली, पहिल्यासारखी, सावकाश, आणि परत आली. काहीच नाही. नुसती थंड हवा. मग तिने एक कुडी दगडावर ठेचली आणि नाकाशी धरली. नाकात झणझण झाली, डोळ्यांत पाणी आलं. एवढे महिने याच झणझणीला ती वास समजत होती. वास त्यात नव्हता. तिने पुन्हा पुन्हा कुड्या ठेचल्या. पानसू जेवायला बोलवायला आला तेव्हा ती पोत्यावर बसली होती आणि तिच्या दोन्ही हातांना लसणाचा चीक लागला होता. तो तिच्या शेजारी बसला. तिने त्याला उठून जायला सांगितलं नाही.

तेगूच्या मोठ्या दवाखान्यात तिला मिरान घेऊन गेली. डॉक्टरांनी तिच्या नाकाखाली एकामागून एक बाटल्या धरल्या. बाटल्यांत साधं पाणी आहे आणि हे सगळं मिरानने ठरवून केलंय असं सुनिमला वाटलं, म्हणून तिने मिरानला एक बाटली हुंगायला लावली. मिरान हुंगून शिंकली. मग दुसऱ्या खोलीत एका मुलीने तिला वार, ऋतू, घरचा पत्ता विचारला, चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले. सुनिमने उत्तरं अशी दिली की पोलीस चौकीतच बसलीय. शेवटी डॉक्टर म्हणाले की डोकं ठणठणीत आहे. तापाने नाकाच्या नसांना धक्का बसलाय. वास परत येईल, किंवा येणार नाही. रोज सकाळी चार उग्र वस्तू हुंगत जा, मन लावून.

मिरान बाहेर येऊन बाकावर रडली. सुनिमने तिला रडू दिलं आणि मग विचारलं की मी आत नसताना डॉक्टर तुला वेगळं काय बोलले. काहीच नाही, असं मिरानने शपथेवर सांगितलं. सुनिमने घरी पोचेपर्यंत आणखी दोनदा विचारलं.

नामजूकडे जायला तिला दवाखान्यात जाण्यापेक्षा जास्त धीर लागला. बाजाराच्या दिवशी, घाण्यावर रांग असताना ती गेली. मुद्दामच. रांगेत उभी राहिली, आणि नंबर आल्यावर तिळाची पिशवी समोर ठेवली. नामजूने पिशवी उचलली नाही.

"तेल हवंय?"

"हवंय."

"माझ्याकडचं भेसळीचं असतं."

"नाही," सुनिम म्हणाली. मग रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तेल चोख होतं. माझं नाक गेलंय. मी उगाच हिला चोर म्हणाले."

घाणा घरघरत होता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नामजूने पिशवी ओढून घेतली आणि तीळ भाजायच्या कढईत ओतले. बराच वेळ तिने सुनिमकडे बघितलंसुद्धा नाही. बायका पांगल्यावर मात्र तिने आतल्या खोलीतलं बुटकं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं.

सुनिमने विचारलं की त्या दिवशी पाव खाताना रडत का होतीस. नामजू म्हणाली की त्या दिवशीच रडू आलं. चोर म्हणालीस तेव्हा आलं नाही, रांग होती, काम होतं. नंतर पाव खाता खाता आलं.

"आणि एक सांगते," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचा पाव आतून कच्चा असतो. मी त्याच्या तोंडावर चांगला म्हणते. तू तरी सांग त्याला."

सुनिमने सांगितलं. त्यानंतर पाव तिच्या देखरेखीखाली व्हायला लागला. वासाचं तिला कळत नव्हतं, पण ओव्हनची काच होती, बोटं होती. लसूण किती मऊ झाला ते ती फॉइलवरून चेपून सांगे, पावाला रंग चढला की हाक मारी, आणि तळाशी टिचकी मारून पोकळ आवाज येईपर्यंत त्याला ओव्हन बंद करू देत नसे. पानसू कुरकुरला, पण पाव सुधारला. विरंगुळा केंद्रातही एक जायला लागला. पांढऱ्या डबीवर आता फडकं नव्हतं. सकाळी उठून ती तिळाचं तेल, सोयाबीनची पेस्ट, सुकी मिरची आणि ठेचलेला लसूण अशा चार वाट्या समोर मांडून बसे आणि एकेक नाकाशी धरून आठवायचा प्रयत्न करी. काही दिवस ती चिडून वाट्या तशाच सोडून उठायची. पानसू त्या निमूट झाकून ठेवायचा.

हिवाळा पडला. वाफ्यांवर पेंढा अंथरून झाला होता, शेतात करण्यासारखं काही नव्हतं. एका सकाळी बाहेर बारीक बर्फ पडत होता, आणि पानसू ओट्यापाशी भाजलेला लसूण लोण्यात कुस्करत होता. सुनिम पाव कापायला आली आणि तिने नाक मुरडलं.

"लोणी खराब झालंय," ती म्हणाली.

"कालच आणलंय."

"मग त्या दुकानदाराने शिळं गळ्यात मारलंय. टाका ते."

पानसूने वाटी नाकाशी नेली. बोट बुडवून चाखलं. लोणी ताजं होतं, लसूण गोड लागत होता, सगळं घर घमघमत होतं. काही खराब नाही, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला.

"कशासारखं वाटतंय?" त्याने हळूच विचारलं.

"जळक्या टायरसारखं. रबर जळल्यासारखं. तुम्हाला येत नाही का?" सुनिमने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुमच्या नाकाला काही झालंय का?"

पानसू वाटी हातात घेऊनच खाली बसला. डॉक्टरांनी त्याला फोनवर सांगितलं होतं की परत आलाच तर वास आधी वेडावाकडा येईल, घाणच येईल, घाबरू नका. त्याने हे तिला सांगितलं नव्हतं, उगाच आशा नको म्हणून. आता त्याला हसू आवरेना. तो खिशात फोन चाचपायला लागला, मिरानला लावायला.

"हसताय कशाला?" सुनिम म्हणाली. "काय लपवताय आता?"

तिने त्याच्या हातातून वाटी काढून घेतली, खिडकीपाशी उजेडात नेली आणि लोणी पुन्हा एकदा हुंगलं. तोंड वेडंवाकडं केलं. मग लोण्याचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळला, शाल घेतली, आणि दुकानदाराला जाब विचारायला म्हणून पायांत बूट चढवायला लागली.